विहिरीतला पिवळ्या डोळ्यांचा पारवा

प्रश्न: सर नमस्कार, आमच्या शेतात आजोबांच्या वेळची दगडी विहीर आहे, त्यात पारवे राहतात. त्यातल्या एकाचे डोळे पिवळे दिसले म्हणून मोबाइलवर झूम करून फोटो काढला. पुतण्या म्हणतो हे बाहेरदेशातलं दुर्मिळ कबुतर आहे, खरंय का? आणि माळावरच्या तळ्यावर सकाळी कबुतरासारखे पक्षी थव्यानं येतात, ते पण तेच का?
– एक शेतकरी, ता. आष्टी, जि. बीड

उत्तर: दादा, फोटो पाहिला, तो आपला साधा पारवाच आहे. कुणाच्या तरी खुराड्यातून सुटलेल्या पाळीव कबुतराचं रक्त त्यात मिसळलेलं असणार, अशांचे डोळे पिवळे, मोतिया कसेही निघतात. पुतण्या म्हणतो ते पिवळ्या डोळ्यांचं कबुतर (इंग्रजीत यलो-आइड पिजन) खरंच आहे बरं का, पण ते कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तानच्या कोरड्या मुलखात अंडी घालतं आणि थंडीत पाकिस्तान, राजस्थान, पंजाब, हरियाणाकडं उतरतं, आपल्या मराठवाड्यापर्यंत काही येत नाही.

मी एकदा डिसेंबरात बिकानेरजवळच्या जोडबीडला गेलो होतो, तिथं मेलेली जनावरं टाकतात, सगळे लोक गिधाडांचे फोटो काढत होते आणि मी नाकाला रुमाल लावून झाडावरची हीच पिवळ्या डोळ्यांची कबुतरं बघत होतो, तेव्हा कळलं की नुसत्या डोळ्यावर जाण्यात अर्थ नाही. पारवा झाडावर क्वचित बसतो, त्याला भिंत, कपार, विहीर लागते, हे गडी मात्र निवांत झाडावर बसलेले. अंगानं पारव्यापेक्षा जरा लहान, डोक्यावर-छातीवर गुलाबी झाक. पारव्याच्या पंखावर दोन काळे पट्टे कसे ठसठशीत असतात, यांचे आखूड आणि तुटके. उडाले की कमरेवर फिकट पांढरं दिसतं, आपल्या पारव्याची कंबर बहुतेक राखाडीच असते. डोळा आणि त्याभोवतीची कडा पिवळी हे तर आहेच, पण ते मी सगळ्यात शेवटी बघतो.

एकेकाळी यांचे थवे प्रचंड असायचे, आता आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत हे कबुतर 'असुरक्षित' आहे. हिवाळ्यात उतरतात तिथं शिकार फार झाली, शिवाय पिकं बदलली, आणि घरटं करतात त्या नदीकाठच्या ढोलीवाल्या जुन्या झाडांवर कुऱ्हाड पडली. म्हातारं झाड पाडून तिथं दहा रोपं लावली तरी ढोली कुठून आणणार? आपल्याकडं बांधावरची जुनी लिंबं पाडताना पिंगळ्याचं पण हेच होतं.

तळ्यावर येतात त्या पखुर्ड्या, कबुतराच्या जातीच्याच नाहीत, बसल्या की ढेकळात ढेकूळ होऊन जातात. पिल्लं झाल्यावर नर पाण्यात पोट बुडवून बसलेला दिसेल, अंघोळ नाही ती, पोटाची पिसं स्पंजसारखी भरून घेतो आणि माळावर जाऊन पिल्लांना त्यातलं पाणी चोखू देतो. उन्हं वर यायच्या आत लांब बसून बघा, कुत्रं मात्र घरी बांधून या.