जीटीए ५, रेड डेड रिडेम्प्शन २ आणि विचर ३ संपल्यावर मोठ्या नकाशाचा कोणता ओपन वर्ल्ड अ‍ॅक्शन गेम घ्यावा?

हे तिन्ही गेम संपवून झाले असून आता याच प्रकारातला (ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळ्या जगात हवे तिकडे फिरता येणारा), शक्यतो याहून मोठा नकाशा असलेला आणि मध्यम क्षमतेच्या गेमिंग लॅपटॉपवर चालेल असा गेम हवा, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर आधीच देतो. पहिला गेम ‘मेटल गिअर सॉलिड ५: द फँटम पेन’ घ्या, आणि लॅपटॉपला झेपत असेल तर त्यानंतर ‘एल्डन रिंग’. नकाशाच्या आकाराची अट मात्र सोडून द्या, असा माझा आग्रह आहे, कारण तुम्हाला आवडलेल्या गेममध्ये जे आवडले ते आकारामुळे आवडले असेल असे मला वाटत नाही.

मोठा नकाशाच हवा असेल तर २०१० सालचा ‘जस्ट कॉज २’ आजही स्वस्तात मिळतो आणि त्यातले पनाऊ हे काल्पनिक बेट तुमच्या तिन्ही गेमच्या नकाशांपेक्षा मोठे आहे. दोरीचा आकडा फेकून पॅराशूट उघडायचे आणि डोंगरावरून दरीत झेपावत जायचे, यातली मजा खरी आहे. पण काही तासांनंतर लक्षात येते की इकडचे गाव आणि तिकडचे गाव यांत फरक नाही, आणि आपण काय उडवले, कोणाला सोडवले याचा त्या बेटावर विशेष परिणाम होत नाही. उलट रेड डेडमध्ये एखाद्या राज्यात गुन्हा केला की तुमच्या नावावर लागलेले इनाम टपाल कार्यालयात जाऊन फेडेपर्यंत तिथे तुमचा पाठलाग थांबत नाही, आणि विचरमध्ये टेकडीखालच्या त्या झाडाचे काय करायचे या एका निर्णयावर बॅरन हा तिथला सरदार आणि त्याची बायको यांचे भवितव्य ठरते. आपण जे करतो त्याची दखल समोरचे जग घेते की नाही, हीच या प्रकारच्या गेमची खरी कसोटी आहे, आणि खालच्या शिफारशी मी त्याच कसोटीवर केल्या आहेत.

‘द फँटम पेन’ हा २०१५ साली आलेला हिदेओ कोजिमा यांचा गेम १९८४ सालच्या, सोव्हिएत सैन्याने व्यापलेल्या अफगाणिस्तानात आणि पुढे आफ्रिकेत अंगोला व झाईर (आजचे काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक) यांच्या सीमेवर घडतो. उजाड डोंगर, मधूनच एखादी चौकी, एखादा तळ आणि त्यांना जोडणारे रस्ते, इतकेच या नकाशात आहे, आणि दुरून पाहणाऱ्याला तो रिकामा वाटण्याची शक्यता आहे. पण एका चौकीवर उतरून पाहा. दुर्बिणीतून पहारेकऱ्यांवर एकेक करून खूण करता येते, जनित्र बंद केले की दिवे जातात, संपर्काची यंत्रणा उडवली की गोळीबार झाला तरी मुख्य तळाला खबर पोहोचत नाही. पहारेकऱ्यांच्या पाळ्या बदलतात, त्यामुळे पहाटे जाणे आणि भर दुपारी जाणे या दोन वेगळ्या मोहिमा ठरतात. पकडलेल्या सैनिकाला दरडावून माहिती विचारता येते, पण तो रशियनमध्ये बोलत असतो, आणि जोपर्यंत तुम्ही एका दुभाष्याला उचलून आपल्या तळावर आणत नाही तोपर्यंत त्याचे बोलणे तुम्हाला कळत नाही. ओपन वर्ल्डमधली दुय्यम मोहीम खऱ्या गरजेतून कशी निघावी याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

या गेमची सर्वांत मोलाची गोष्ट तर पुढे आहे. तुम्ही सतत डोक्यात गोळी मारून काम उरकत असाल तर काही दिवसांनी पहारेकरी हेल्मेट घालून दिसू लागतात. रात्रीच हल्ले करत असाल तर त्यांच्याकडे नाइट व्हिजन गॉगल येतात. झोपेचा वायू वापरत राहिलात तर गॅस मास्क येतात. म्हणजे तुमची सवय हेरून शत्रू तिच्यावर तोड काढतो, आणि मग तुम्हाला खेळण्याची पद्धत बदलावी लागते किंवा आपली माणसे पाठवून त्या हेल्मेटचा पुरवठाच तोडावा लागतो. या प्रकारच्या बहुतेक गेममध्ये एकच युक्ती शेवटपर्यंत चालते आणि निम्म्यानंतरचा भाग नुसता उरकला जातो, म्हणून ही रचना मला फार महत्त्वाची वाटते. कथेबाबत मात्र आधीच सांगून ठेवतो, की दुसऱ्या भागात जुन्याच मोहिमा अधिक काठिण्याने पुन्हा समोर येतात आणि शेवट अर्धवट सोडल्यासारखा वाटतो. रेड डेडमधल्या आर्थर मॉर्गनसारखा जीव लावणारा नायक हवा असेल तर तो इथे मिळणार नाही. पण साध्या ग्राफिक्स कार्डवरही हा गेम इतका सुरळीत चालतो, की तुमच्या लॅपटॉपसाठी याहून योग्य निवड मला सुचत नाही.

हीच दखल वेगळ्या रीतीने घेणारा गेम म्हणजे २०१४ चा ‘शॅडो ऑफ मॉर्डर’. यात ऑर्क नावाच्या राक्षसी सैनिकांच्या सरदारांची एक उतरंड आहे, प्रत्येकाचे नाव, चेहरा, भीती आणि खोड वेगळी आहे, आणि एखाद्या सामान्य ऑर्कने तुम्हाला मारले तर त्या पराक्रमाबद्दल त्याला बढती मिळते. पुढच्या भेटीत तो ते विसरलेला नसतो. तुम्हाला पाहताच मागच्या वेळचा उल्लेख करून टोमणा मारतो. आगीत जळून मेला असे समजून तुम्ही सोडून दिलेला सरदार भाजलेल्या चेहऱ्याने परत येतो आणि त्याचा हिशेब मागतो. इतर बहुतेक गेममध्ये मरणे म्हणजे जुन्या सेव्हवर परत जाणे, आणि इथे मरणानेच कथा पुढे सरकते. या रचनेचे पेटंट वॉर्नर ब्रदर्सला २०२१ साली मिळाले आहे, आणि इतकी चांगली कल्पना इतरांच्या गेममध्ये फारशी रुजली नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. मॉर्डरचा नकाशा करड्या रंगाचा आणि लहान आहे, मुख्य कथाही साधारण आहे, तरी हा गेम घ्याच. फक्त प्लेस्टेशन ३ किंवा एक्सबॉक्स ३६० ची प्रत घेऊ नका, कारण त्यांत नेमकी हीच रचना बरीच छाटलेली आहे.

जीटीएच्या धर्तीचे शहर हवे असेल तर २०१२ सालचा ‘स्लीपिंग डॉग्ज’ घ्या, आणि घेताना २०१४ ची डेफिनिटिव्ह एडिशन घ्या. हाँगकाँगमधल्या ट्रायड या गुन्हेगारी टोळीत शिरलेला वेई शेन हा पोलिसांचा माणूस नायक आहे. प्रत्येक मोहिमेत दोन बाजूंनी गुण मोजले जातात: नागरिकांना इजा केली, मालमत्तेची मोडतोड केली की पोलिसांच्या खात्यातले गुण घटतात, आणि मारामारी जितकी क्रूर तितके टोळीच्या खात्यातले गुण वाढतात. नायकाची दोन्हीकडून होणारी ओढाताण अशी थेट आपल्या हातात येते. बंदुकीपेक्षा हातापायांच्या लढाईवर भर आहे, आणि ती लढाई जीटीएपेक्षा कितीतरी सरस आहे. नकाशा लहान आहे, पण बाजाराच्या गल्ल्या, निऑनच्या पाट्या आणि पावसात चमकणारे रस्ते इतके नीट रचले आहेत, की काही दिवसांत नकाशा न उघडता वाट सापडू लागते.

आता ‘एल्डन रिंग’विषयी जरा सविस्तर लिहितो, कारण या गेमबद्दल ‘फार कठीण’ एवढे एकच वाक्य ऐकून अनेक जण त्याच्या वाटेला जात नाहीत. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी स्टुडिओने हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली केलेला हा गेम २०२२ च्या फेब्रुवारीत आला. तुम्ही उघड्यावर येता आणि थोड्याच अंतरावर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फेऱ्या मारताना दिसतो. त्याला भिडलात तर दोन-तीन वारांत संपता. हा अन्याय नाही, हा पहिला धडा आहे: याला वळसा घालून पुढे जा, शक्ती कमव आणि मग परत ये. आधीच्या गेममध्ये या स्टुडिओने अरुंद वाटांवर जो कस लावला होता, तो इथे मोकळ्या मैदानामुळे सुसह्य झाला आहे, कारण एका बॉसवर, म्हणजे मोठ्या शत्रूवर, अडलात तर जायला दहा दिशा उरतात.

नकाशावर कामाच्या खुणांची गर्दी नाही आणि कामांची यादीही नाही. एखाद्या पडक्या वास्तूच्या तळघरात पेटी दिसते, ती उघडताच धूर होतो आणि तुम्ही कुठल्या तरी दूरच्या, तुमच्या ताकदीबाहेरच्या मुलखातल्या खाणीत जाऊन पडता. तिथून जीव मुठीत धरून बाहेर यावे लागते. धुक्याच्या जंगलात एक जुनी लिफ्ट आहे. तिच्यावर उभे राहिलात की ती खाली जात राहते, वाटते त्याहून कितीतरी खाली, आणि मग जमिनीच्या पोटात ताऱ्यांनी भरलेले आकाश आणि त्याखाली वाहणारी नदी समोर येते. तिकडे जा असे कोणीही सांगितलेले नसते, त्यामुळे सापडलेली प्रत्येक जागा स्वतःची वाटते. विचरमध्ये नकाशावरची प्रश्नचिन्हे एकेक करून पुसण्याचा तुम्हाला कंटाळा आला असेल, तर हा गेम तुम्हाला पुन्हा शोधायला शिकवील. कथा मात्र तुकड्यातुकड्यांत, वस्तूंच्या वर्णनांतून गोळा करावी लागते, आणि ज्यांना संवाद व पात्रे हवी असतात त्यांची इथे निराशा होऊ शकते.

कथा आणि निसर्ग दोन्ही हवे असतील तर ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ आहेच. १२७४ साली मंगोलांनी जपानच्या त्सुशिमा बेटावर केलेल्या स्वारीची पार्श्वभूमी, त्यात वाचलेला जिन साकाई हा सामुराई, आणि उघड्या मैदानातल्या लढाईचा आपला धर्म सोडून रात्री पाठीमागून वार करावा का, हा त्याचा पेच. वाट दाखवण्यासाठी पडद्यावर बाण नाही. वारा वाहतो आणि गवत ज्या दिशेने झुकते तिकडे घोडा वळवायचा. हा गेम त्या बेटावर इतका प्रिय झाला की त्याच्या दोन दिग्दर्शकांना तिथे पर्यटनाचे राजदूत नेमण्यात आले. जपानी आवाज निवडा आणि ‘लीथल’ या पातळीवर खेळा. त्या पातळीवर शत्रूही लवकर मरतो आणि तुम्हीही, त्यामुळे तलवारीला तलवारीचे वजन येते. दुय्यम कामे निम्म्यानंतर एकसारखी वाटतात हा दोष आहे. हा गेम २०२४ पासून पीसीवर मिळतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘डाइंग लाइट’ हा २०१५ चा झाँबींचा गेम भीतीची आवड असेल तरच घ्या. दिवसा छपरांवरून पळायचे आणि रात्री दुप्पट अनुभवगुणांच्या लोभाने बाहेर पडायचे की नाही ते ठरवायचे, ही कल्पना उत्तम आहे. असॅसिन्स क्रीडमधला एकच घ्यायचा तर टॉलेमी राजघराण्याच्या काळातल्या इजिप्तचा ‘ओरिजिन्स’ घ्या, कारण लढाया बाजूला ठेवून प्राचीन इजिप्त नुसता फिरून पाहण्याची सोयही त्यात आहे. ‘स्पायडर-मॅन’ मॅनहॅटनच्या इमारतींमधून झोके घेण्यासाठी अप्रतिम आहे, पण शहर त्या झोक्यांपुरतेच आहे. घरात निन्टेंडो स्विच असेल तर ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या सगळ्यांच्या आधी खेळा: पावसात कडा निसरडा होतो, वादळात धातूची तलवार विजेला ओढते, गवत पेटवले की वर उठणाऱ्या गरम हवेवर कापडी पंख उघडून उडता येते. त्यातला निसर्ग स्वतःच नियमाने वागतो, आणि ती दखल माणसांनी घेतलेल्या दखलेइतकीच समाधान देते.

सह्याद्रीत फिरलेल्यांसाठी एक आडवळणाची शिफारस करतो. २०१७ सालचा ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ हा ओपन वर्ल्ड गेम नाही, पण त्याचे ‘द वेस्टर्न घाट्स’ हे प्रकरण जवळजवळ तसेच आहे. जीप घेऊन चिखलाच्या वाटा, धबधबे आणि होयसळांच्या भग्न वास्तूंमधून हव्या त्या क्रमाने फिरायचे. त्यातला भूगोल काल्पनिक आहे, पण आपल्या ओळखीच्या डोंगररांगेच्या नावाने रचलेला मुलूख इतक्या मोठ्या गेममध्ये पाहायला मिळणे दुर्मीळ आहे.

खरेदीबद्दल शेवटचे. एल्डन रिंगला किमान जीटीएक्स १०६० दर्जाचे ग्राफिक्स कार्ड, १२ जीबी रॅम आणि ६० जीबी जागा लागते. त्सुशिमाला ७५ जीबी. लॅपटॉप यात बसत नसेल तर फँटम पेन, मॉर्डर आणि स्लीपिंग डॉग्ज या क्रमाने खेळा, आणि उन्हाळी किंवा हिवाळी सेल लागेपर्यंत थांबा, कारण जुन्या गेमची किंमत तेव्हा बरीच उतरते. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात परत मागता येतात. मात्र फँटम पेनचा पहिला जवळजवळ तासभर एका रुग्णालयात ठरावीक वाटेने सरपटण्यात जातो आणि पुढच्या गेमशी त्याचे काही साम्य नाही, तेव्हा त्यावरून मत बनवू नका. अफगाणिस्तानात घोड्यावर बसून पहिली चौकी गाठल्यावरच हा गेम ठेवायचा की परत करायचा ते ठरवा.