जुना ट्रॅक्टर घेताना: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न: तीन सिलिंडरचा एक जुना ट्रॅक्टर पाहून ठेवला आहे. सुरू होतो, चालतो, पण धूर बराच मारतो. विकणारा म्हणतो, "फक्त रिंग बदलल्या की झालं." दिवे बंद आहेत, डायनामो चार्ज करत नाही, सीट फाटलेली आहे. घ्यावा का?

उत्तर: दिवे, डायनामो आणि सीट आत्ता विसरून जा. ही कामं डोळ्यांना दिसतात म्हणून मोठी वाटतात, पण त्यांनी सौदा बुडत नाही. सौदा बुडवतात त्या तीन गोष्टी बाहेरून दिसत नाहीत: क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) आणि त्याची बेरिंगं, डिझेल पंप, आणि गिअरबॉक्स. तुमचा प्रश्न धुराचा आहे, म्हणून आधी इंजिन पाहू.

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की आम्ही येईपर्यंत ट्रॅक्टर सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा ब्लॉकला हात लावा. गरम लागला तर तो आधी सुरू करून ठेवला आहे, म्हणजे थंड इंजिन सहज सुरू होत नसावं. तसं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

थंड इंजिन सुरू केल्यावर धुराचा रंग पाहा. पांढरा धूर मिनिट-दोन मिनिटांत विरला तर काळजी नाही. गरम झाल्यावरही तो राहिला तर डिझेल नीट जळत नाही: कॉम्प्रेशन कमी, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) खराब किंवा पंपाचं टायमिंग चुकलेलं. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. एअर क्लीनर चोंदला असेल किंवा नोझलमधून डिझेलची धार पडत असेल, म्हणजे बहुतेक वेळा हलकं काम. निळसर धूर मात्र ऑइल जळाल्याचा असतो. ते रिंग आणि लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो नळा) यांच्यामधून वर येतं, नाहीतर व्हॉल्व्हच्या गाइडमधून खाली उतरतं.

यातलं कोणतं, ते ऑइल भरायच्या झाकणावर कळतं. इंजिन गरम करून आयडलला (रेस न देता सगळ्यात कमी वेगाला) ठेवा आणि झाकण काढा. वाफेसारखा थोडा धूर आला तर चालेल. भक्‌भक् करत दाबाने धूर आला, झाकण उलटं ठेवल्यावर ते उडू लागलं, तर बॅक कॉम्प्रेशन आहे आणि लायनर-पिस्टन झिजले आहेत. निळा धूर आहे पण झाकणावर जोर नाही, तर आधी व्हॉल्व्ह गाइडवर संशय घ्या. ते काम हेड उतरवून भागतं.

आता "फक्त रिंग"विषयी. लायनर वरच्या भागात, जिथे पहिली रिंग फिरते तिथे, सगळ्यात जास्त झिजतो. त्याच्या वर न झिजलेली एक कडा उरते. अशा लायनरमध्ये नव्या रिंग टाकल्या तर वरची रिंग त्या कडेवर आदळून तुटू शकते. लायनर गोल राहिलेला नसेल तर नव्या रिंग बसतच नाहीत आणि थोड्याच दिवसांत धूर परत येतो. हेड उतरवून बोअर गेजने मोजल्याशिवाय रिंगवर भागेल असं कोणीही सांगू शकत नाही. म्हणून हिशेब लायनर, पिस्टन, रिंग, बेरिंग आणि गॅस्केट सेट अशा पूर्ण कामाचाच धरा.

तीन तपासण्या अजून करा.

पहिली, ऑइल प्रेशर. डॅशवरच्या काट्यावर किंवा दिव्यावर विसंबू नका. ऑइल गॅलरीच्या जागी मिस्त्रीकडून स्वतंत्र मेकॅनिकल गेज लावून घ्या आणि इंजिन पूर्ण गरम करा. जुन्या ट्रॅक्टरांत कामाच्या वेगाला साधारण अडीच ते चार किलो आणि आयडलला किलोभर प्रेशर असेल तर खालचं अंग, म्हणजे क्रँक आणि बेरिंगं, बरं आहे. गरम झाल्यावर आयडलला काटा शून्याकडे लोळत असेल तर बेरिंग झिजली आहेत किंवा ऑइल पंप गेला आहे. जाड ऑइल भरून हे लपवता येतं, म्हणून ऑइलची काडी काढून दोन बोटांत ऑइल चोळून पाहा.

दुसरी, सिलिंडर तोडून पाहणं, म्हणजे एकेकाचं डिझेल थोडा वेळ बंद करणं. आयडलला एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करा. चांगला सिलिंडर तोडला की इंजिनचा आवाज लगेच पडतो. ज्याला सैल केल्यावर काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नाही. हे करताना चष्मा लावा, नटावर फडका धरा आणि हात धारेसमोर नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं, आणि शिरलं तर जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो.

तिसरी तपासणी बहुतेक जण करत नाहीत. इंजिन बंद ठेवून एकाने क्लच पूर्ण दाबायचा आणि सोडायचा, दुसऱ्याने समोरच्या क्रँक पुलीकडे पाहायचं. पुली डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतकी पुढे-मागे सरकली तर थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. ते झिजून गळून पडले की क्रँक थेट ब्लॉकला घासतो आणि ब्लॉकच वाया जातो.

इंजिन पूर्वी बांधलेलं (पूर्ण खोलून दुरुस्त केलेलं) असेल तर क्रँक किती वेळा घासला हे विचारा. बेरिंगच्या पाठीवर ०.२५, ०.५०, ०.७५ असे आकडे असतात. ते क्रँक किती मिलिमीटर बारीक केला हे सांगतात. शेवटच्या मापावर पोचलेला क्रँक पुढच्या वेळी घासता येत नाही, बदलावाच लागतो. हे कळायला चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवून एक बेरिंग काढावं लागतं. विकणारा त्याला तयार नसेल तर क्रँक संपलेला आहे असं धरून भाव करा.

प्रश्न: ऑइलच्या काडीवर पांढरट, ताकासारखा थर दिसला. विकणारा म्हणतो पावसाचं पाणी गेलं असेल.

उत्तर: काडी इंजिनची होती की गिअरबॉक्सची, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे.

गिअरबॉक्सची असेल तर विकणारा खरं सांगत असू शकतो. गिअर लिव्हरचा रबरी बूट फाटला की पाणी सरळ आत उतरतं. ऑइल गरम असताना काढा, थोडं स्वस्त ऑइल भरून अर्धा तास फिरवा, तेही काढा आणि मग नवं भरा. फक्त ड्रेन प्लगला काय चिकटलंय ते पाहून घ्या. काळी मऊ चिखलवट पूड चालते. नखाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर बोलणं थांबवा.

इंजिनची असेल तर पावसावर विश्वास ठेवू नका. हेड गॅस्केट, लायनरच्या खालच्या रबरी रिंगा, तडकलेलं हेड किंवा ब्लॉक, यांपैकी काहीतरी आहे. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी सुरू न करता चेंबरचा प्लग अगदी सावकाश सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून आधी तेच बाहेर येतं. नुसता ओलसरपणा आणि पेलाभर पाणी यांतला फरक तिथेच दिसतो. मग इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर गॅस हेड गॅस्केटमधून किंवा तड्यातून पाण्यात जातोय. बुडबुडे नाहीत पण ऑइलमध्ये पाणी आहे, तर लायनरच्या रबरी रिंगांकडे संशय जातो. गॅस्केट आणि रबरी रिंग हे सुधारण्यासारखं काम आहे. तडा मात्र हेड उतरवून तपासल्याशिवाय नाकारता येत नाही. आणि पाणी मिसळलेल्या ऑइलवर इंजिन चालवलेलं असेल तर बेरिंगंही हिशेबात घ्या.

प्रश्न: काही वर्षं उघड्यावर उभा असलेला ट्रॅक्टर अगदी स्वस्तात मिळतोय. इंजिन जाम आहे. ओढून सुरू करून पाहू का?

उत्तर: ओढू नका. जाम इंजिनला गिअरमध्ये टाकून ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, रिंग तुटतात, अडकलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. हजारात सुटणारं काम तिथेच मोडीत जातं.

आधी सायलेन्सर पाहा. उभ्या सायलेन्सरवर झाकण नसेल तर पावसाचं पाणी त्यातून उतरतं आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्यात साचतं. बहुतेक वेळा असा एकच सिलिंडर गंजलेला असतो. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये निम्मं डिझेल आणि निम्मं गिअर ऑइल असं मिश्रण ओता, आठवडाभर मुरू द्या, मधे पुन्हा भरा. मग नोझल बाहेरच ठेवून क्रँक पुलीच्या नटावर लांब पाना लावा आणि दोन्ही दिशांना थोडं-थोडं हलवा. झटका देऊ नका. हललं तर आत साचलेलं द्रव नोझलच्या भोकांतून बाहेर पडू द्या. ते आत ठेवून स्टार्टर मारला तर रॉड वाकतो. चेंबरमध्येही उतरलेलं असतं, म्हणून ऑइल बदला.

एक धोका नीट लक्षात ठेवा. उभं राहिल्याने डिझेल पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) पूर्ण डिझेलच्या स्थितीत चिकटलेला असू शकतो. इंजिन पेटलं की ते आवरत नाही आणि वेग वाढत जाऊन फुटू शकतं. पहिल्यांदा सुरू करताना एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि एक माणूस हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबायला तयार ठेवा. हाताने तोंड झाकू नये.

भावाबद्दल सांगायचं तर जाम इंजिन सुटेलच असं धरून पैसे देऊ नका. गिअरबॉक्स, मागचा धुरा, टायर, लिफ्ट हे सुटे विकले तर जेवढे येतील, तेवढाच भाव द्या.

प्रश्न: क्लच, गिअर आणि लिफ्ट जागेवरच कसे तपासायचे?

उत्तर: क्लच: हँडब्रेक ओढा, वरचा गिअर टाका, इंजिन मध्यम वेगाला ठेवून क्लच हळू सोडा. इंजिन दमून बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर प्लेट घसरते. डबल क्लच असेल तर पेडल अर्धं दाबल्यावर ट्रॅक्टर थांबावा पण पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) फिरत राहावा, आणि पूर्ण दाबल्यावर दोन्ही थांबावेत. प्लेट स्वतः महाग नसते. पण ती बदलायला बहुतेक ट्रॅक्टर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधून दोन भागांत सोडवावा लागतो, मजुरी त्याची असते. ट्रॅक्टर सोडवलाच तर फ्लायव्हील, रिलीज बेरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील त्याच वेळी करून घ्या.

गिअर: प्रत्येक गिअरमध्ये चालवा आणि उतारावर रेस एकदम सोडा. गिअर उडत असेल तर तो इथेच उडतो. लिव्हरच्या बॉलची स्प्रिंग ढिली असेल तर काम वरचं झाकण काढून होतं. गिअरचे दात गोल झाले असतील तर संपूर्ण बॉक्स खोलावा लागतो. उडणारा गिअर तुमच्या नांगरटीचा असेल तर ट्रॅक्टर सोडा.

लिफ्ट: सगळ्यात जड अवजार जोडून वर उचला, अर्धा तास काम करून ऑइल गरम होऊ द्या आणि पुन्हा उचला. थंडपणी उचलते पण गरम झाल्यावर दमते, तर पंप झिजलेला आहे. उचलते पण इंजिन बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांत खाली बसते, तर सिलिंडरची रिंग किंवा व्हॉल्व्ह गळतो. दुसरं काम पहिल्यापेक्षा बरंच हलकं आहे. उचललेल्या अवजाराखाली कोणी वाकू नये.

ब्रेक दोन्ही बाजूंनी वेगवेगळे दाबून पाहा. एका बाजूचा धरत नसेल आणि त्या चाकाच्या आत तेलकट असेल तर धुऱ्याचं सील गळून ब्रेकचे लायनर भिजले आहेत. पुढची चाकं जॅकवर घेऊन वर-खाली हलवा. किंगपिन आणि बुश झिजलेले असतील तरी त्यांच्यासाठी सौदा मोडू नका.

प्रश्न: शेवटी हिशेब कसा मांडायचा?

उत्तर: तोच मॉडेल चांगल्या चालू स्थितीत कितीला जातो ते चार ठिकाणी विचारा आणि त्याला १०० धरा. मागितलेला भाव ५५ आहे आणि मिस्त्रीने काढलेला खर्च ३० आहे असं समजा. बेरीज ८५ होते आणि फायद्याचं वाटतं. पण त्या ३० वर निदान एक तृतीयांश, म्हणजे १०, न दिसलेल्या कामाचे धरा. क्रँक किंवा गिअरबॉक्स खोलून पाहता आला नसेल तर अर्धे धरा. बेरीज ९५ ते १०० वर जाते. मग चालू ट्रॅक्टर घेतलेला बरा, कारण दुरुस्तीत गेलेला हंगाम या बेरजेत आलेलाच नाही. बेरीज ८०च्या आत राहिली तर घ्या.

मिस्त्रीकडून खर्च लिहून घेताना सुटे भाग, लेथचं काम, डिझेल पंप-नोझलचं काम, टायर आणि मजुरी अशा वेगळ्या ओळी करायला सांगा. मागच्या टायरांच्या बाजूच्या भिंतीला भेगा असतील तर ग्रिप कितीही असली तरी ते बदलायचेच धरा. टायरमध्ये वजनासाठी मिठाचं पाणी भरलेलं असेल तर व्हॉल्व्हभोवतीची रिम गंजली का ते पाहा. आणि पैसे देण्यापूर्वी सुट्या भागांच्या दुकानात त्या मॉडेलचा लायनर सेट, क्लच प्लेट आणि लिफ्ट पंप मिळतो का ते विचारा. यांपैकी दोन गोष्टी मिळत नसतील तर वरचा हिशेब मांडूच नका.

प्रश्न: मीटरवर तास फार कमी दिसतात. खरे असतील का?

उत्तर: मीटरपेक्षा लोखंड पाहा. क्लच-ब्रेकच्या पेडलवरचे दाते गुळगुळीत झाले आहेत का, खालच्या लिंकचे बॉल सैल आहेत का, ड्रॉबारचं भोक गोलाचं लांबट झालंय का, स्टिअरिंगला चाक न वळता किती मोकळा फेर आहे. हे सगळं झिजलेलं असेल आणि मीटर कमी दाखवत असेल, तर मीटर बदललेला आहे किंवा मधली काही वर्षं बंद होता. इंजिन आणि चेसिसचे नंबर कागदांशी जुळवताना नंबरच्या पट्टीभोवती घासल्याच्या किंवा नव्या रंगाच्या खुणा आहेत का, तेही पाहा.