मक्यावरील लष्करी अळी: दिवस मोजा, डोस वाढवू नका

प्रश्न (सिल्लोड परिसरातील मका उत्पादक): मका २५ दिवसांचा आहे. दोन फवारण्या होऊनही पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) मोठ्या अळ्या दिसतात आणि पतंगही उडतात. दुकानदार दुप्पट प्रमाण घेऊन त्यात दुसरे औषध मिसळायला सांगतो. काय करावे? सापळ्यांना अनुदान आहे का?

उत्तर: प्रमाण दुप्पट करू नये आणि मिश्रणही करू नये. २०१८ मध्ये ही कीड आपल्याकडे आल्यापासून अशी अनेक शेते पाहिली. बहुतेक ठिकाणी औषध नव्हे, फवारणीची वेळ चुकली होती.

डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडून दुसऱ्या वलयावर चौकोनात चार काळे ठिपके असतील, तर ती लष्करी अळीच समजावी. पान कुरतडणारे जबडे फक्त अळीला असतात. पतंगाला रस शोषणारी गुंडाळलेली सोंड असते, त्यामुळे उडणाऱ्या पतंगांसाठी फवारणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. मादी पानावर शंभर-दोनशे अंडी एका पुंजक्यात घालते आणि अंगावरचे खवले त्यावर पसरते, म्हणून तो पुंजका मळकट लोकरीच्या तुकड्यासारखा दिसतो. दोन-तीन दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि पानाचा हिरवा भाग खरवडून पांढरे पापुद्रे ठेवतात. औषध चालते ते याच वेळी. पुढे अळी कात टाकत मोठी होते, पोंग्यात शिरते आणि भुशासारख्या विष्ठेने तोंड बंद करते. मग वरून कितीही औषध ओतले तरी ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. दोन-तीन आठवड्यांत ती जमिनीत काही सेंटिमीटर खोल जाऊन तांबूस कोष करते. आज दिसणारे पतंग त्या कोषांतून आलेले असू शकतात, त्यावरून कालची फवारणी फसली असे ठरवू नये.

माझा आग्रह अंडीपुंज हाताने चिरडण्याचा आहे. उगवणीपासून पहिले महिनाभर आठवड्यातून दोनदा सकाळी सरीतून फिरून पानांच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. एक पुंजका चिरडला की शंभरावर अळ्या तिथेच संपतात. देखरेखीसाठी एकरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावावेत. पापुद्रे दिसू लागताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. शंभरात दहाहून अधिक झाडे पोखरलेली असतील तरच इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी (५ टक्के, पाण्यात विरघळणारे दाणेदार कीटकनाशक) हे १० लिटर पाण्यात ४ ग्रॅम घेऊन, सायंकाळी, नोझल पोंग्यावर धरून फवारावे. चार म्हणजे चारच ग्रॅम. आठ ग्रॅमने अळी लवकर मरत नाही, उलट तिच्यावर टपलेले मित्रकीटक मरतात आणि खर्च वाढतो. तेच औषध पुन्हापुन्हा वापरू नये. चाऱ्याच्या मक्यावर रासायनिक फवारणी करू नये, मग दुकानदार काहीही म्हणो. तुरा आल्यावर तर फवारणीच्या भानगडीत पडू नये, अळ्या वेचाव्यात.

आपल्या शेतात पोंग्यात शिरलेल्या मोठ्या अळ्या आता वेचूनच काढाव्यात. दुकानदाराने चिठ्ठीवर लिहून दिलेले प्रमाण डब्यावरील लेबलशी जुळत नसेल, तर ती चिठ्ठी बाजूला ठेवून लेबल पाळावे.

सापळ्यांच्या अनुदानाची चौकशी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहाय्यक) करावी; शेतकरी ओळख क्रमांक सोबत न्यावा.