पाळी हे शिफ्टचं भाषांतर नव्हे

ताई, तुम्ही विचारलंय की रातपाळीतली 'पाळी' हे शिफ्टचं भाषांतर आहे का, आणि कंपनीतल्या मुली हा शब्द उच्चारायला लाजतात तर तो सोडून द्यावा का.

भाषांतर अजिबात नाही. कापडाच्या मिलच्या आधीपासून पाळी शेतात आहे. कुळवाच्या (ढेकळं फोडायच्या औताच्या) दोन पाळ्या घातल्या, उसाला पाण्याची पाळी आली, हे आमच्या कोल्हापुरात करवीर-कागलकडं आजही रोज कानावर पडतं. संस्कृतात 'पालि' म्हणजे ओळ आणि कडसुद्धा. कडेचा अर्थ कानाच्या पाळीत राहिला, आणि ओळीत नंबर येतो तशी पाळी येते, असं मला तरी पटतं. बाईची पाळी पण त्यातलीच, ठरल्या दिवसांनी फिरून येणारी. गुजरातीत शिफ्टला पाळीच म्हणतात, हिंदीत पाली.

शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कोटितीर्थाजवळ कापडाची मिल काढली आणि तिथं कामाला आलेली कितीतरी माणसं आजूबाजूच्या खेड्यातली, गावाकडची जमीन न सोडता आलेली. माझे आजोबा तिथं साच्यावर होते, साचा म्हणजे माग. त्यांच्या बोलण्यात दोन्ही पाळ्या एकाच दमात यायच्या, "पयली पाळी करून येतो, सांजंला पाण्याची पाळी आपली हाय." त्यांना हे दोन वेगळे शब्द आहेत असं कधी वाटलंच नसणार, नंबर आला की उठायचं, मग तो मोटंवर असो नाहीतर मागावर.

आता कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, पोरं फस्ट, सेकंड, नाईट म्हणतात. पण गंमत बघा, २०२५ पर्यंत रात्री १० नंतर कारखान्यांना वीज स्वस्त पडायची म्हणून भट्ट्या रात्री जोरात, आणि शेतीपंपाची थ्री फेज पण आठवड्याआड रात्रीच यायची, त्यामुळं अर्धा एकर ऊस असलेला मोल्डर एक आठवडा भट्टीवर जागायचा आणि सुट्टीच्या रात्री पाणी पाजायला जायचा. त्याला विचारलं तर म्हणायचा, "नाईट बी हाय आन् लाईट बी रातचीच."

लाजण्याचं म्हणाल तर मला त्याचं एक कारण दिसतं. १९४८ च्या कारखाना कायद्यात संध्याकाळी ७ ते सकाळी ६ बायकांना कारखान्यात कामाला बंदी होती. म्हणजे रातपाळी हा शब्द वर्षानुवर्षं पुरुषांच्याच तोंडी फिरला, तिथं दुसरा अर्थ आठवायला कुणी नव्हतं. आता मुली लाईनवर आल्या, सुपरवायझर झाल्या, आणि "तुझी पाळी कधी" असा सुटा प्रश्न अवघड वाटायला लागला. त्यांचं चुकलेलं नाही. पण म्हणून शब्द टाकू नका, जोडून म्हणा, सकाळपाळी, दुपारपाळी, रातपाळी, की कुणाला काही वाटत नाही. बोर्डावर 'रात्रपाळी' लिहिलं तरी चालतं, बोलताना मात्र आपली रातपाळीच.