तिशी उलटल्यावर दातांना आतून तारा लावाव्यात का?

ताई, तुमचं वय 36, बँकेत काउंटरवर बसता आणि पुढचे दात एकावर एक चढलेत. दातांच्या मागून लावतात त्या लिंग्वल तारा खरंच दिसत नाहीत का आणि त्या लावून दिवसभर बोलता येतं का, असं विचारलंय तुम्ही.

दिसत नाहीत. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, मी या तारा लावल्या तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलांनाही पत्ता लागला नाही. मान मागे टाकून खदखदून हसलात तर आत काहीतरी चमकतं, तेवढंच. पण ऐकू मात्र येतात! सुरुवातीला एका मुलाने विचारलंच, "मॅडम, तोंडात गोळी आहे का?" त, द, न, ल, स म्हणताना जीभ जिथे टेकते, नेमके तिथेच ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारे दातांना चिकटवलेले छोटे तुकडे, असतात. मला 'स्थितिज ऊर्जा' टाळता येईना, तुम्हाला 'सत्त्याहत्तर हजार' टाळता येणार नाही. घरी रोज मोठ्याने पेपर वाचायचे, त्याने जीभ वळणावर आली. बहुतेकांचं बोलणं काही आठवड्यांत सुधारतं, एखाद्याचा 'स' जास्त दिवस सुटत नाही. शक्य असेल तर तारा सुट्टीला जोडून लावा, मार्चअखेर तर नकोच.

जिभेच्या कडा सोलवटतात. डॉक्टर मेणाची छोटी डबी देतात. चिमूटभर मेण मळून, ब्रॅकेट कोरडा करून त्यावर दाबायचं. माझी डबी पर्समध्ये किल्ल्यांशेजारी असायची. पुढचे खालचे दात वरच्या दातांमागे खोल जात असतील, तर ते वरच्या ब्रॅकेटवर टेकतात आणि दाढा एकमेकींना लागतच नाहीत. अशा वेळी पोळी चावणं म्हणजे शिक्षा; मी वरणभात आणि उपम्यावर निभावलं. मेथीची भाजी मागे अडकते आणि आरशात दिसतही नाही. खालच्या पुढच्या दातांमागे एरवीही कीटण लवकर धरतं, त्यामुळे दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश रोज हवाच. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी ते बरं करून घ्या, तारा नंतर.

एक गंमत: जपानमध्ये दंतवैद्य किन्या फुजिता यांनी 1970च्या दशकात या तारा विकसित केल्या, त्या मार्शल आर्ट्स खेळणाऱ्यांचे ओठ बाहेरच्या ब्रॅकेटवर आपटून फाटू नयेत म्हणून, असं सांगतात. बासरी किंवा सनई वाजवणाऱ्यांना आजही याच कारणाने त्या सोयीच्या पडतात.

महाग का? दाताची मागची बाजू प्रत्येकाची वेगळी, खोलगट, उंचसखल. म्हणून आधी दातांचं माप किंवा स्कॅन घेतात, लॅबमध्ये प्रतिकृतीवर ब्रॅकेट बसवतात आणि साच्याने तोंडात चिकटवतात. सुळ्याच्या मागे तारेला वळण द्यावं लागतं. दर भेटीला डॉक्टर वाकून, आरसा धरून काम करतात, वेळही जास्त जातो. साध्या तारांच्या दुप्पट-तिप्पट खर्च सहज होतो.

माझं स्पष्ट मत: केवळ 'लोक काय म्हणतील' एवढीच अडचण असेल, तर सिरॅमिक ब्रॅकेट पाहा. स्वस्त पडतात, दातांच्या रंगात मिसळतात. फक्त आपल्या हळदीने त्यांची रबरं पिवळी होतात. पारदर्शक अलाइनरही (दातांवर चढवायचे, काढता येणारे प्लास्टिकचे साचे) आहेत, पण ते दिवसाचे सुमारे 22 तास घालावे लागतात. दर चहाला काढून टिशूत गुंडाळून विसरणाऱ्यांतल्या असाल (मी आहे), तर काढताच न येणारी तार बरी.

डॉक्टर मात्र एमडीएस ऑर्थोडॉन्टिस्टच (वाकडे दात सरळ करण्यातले तज्ज्ञ) बघा, आणि त्यांना थेट विचारा की लिंग्वलच्या किती केसेस शेवटपर्यंत नेल्यात. आधीचे-नंतरचे फोटो मागा, त्यात संकोच कसला. शिवाय मोठ्या वयात जबड्याची वाढ थांबलेली असते. दोष जबड्याचाच असेल तर नुसत्या तारांनी भागत नाही, शस्त्रक्रियेचा विषय निघू शकतो. दात सरकायला मात्र वयाची आडकाठी नाही.

आणि तारा निघाल्या की दात परत जागा सोडू नयेत म्हणून रिटेनर देतात. बऱ्याचदा तो म्हणजे पुढच्या दातांमागे चिकटवलेली एक बारीक तारच असते. ती वर्षानुवर्षं ठेवायला सांगतात, हेही आधीच धरून चाला.