पाच भुजांचा डिस्कोअ‍ॅस्टर : पेंटारेडिएटस की असिमेट्रिकस?

तुम्ही जळगावला एम.एस्सी. करताय, अरबी समुद्रातल्या कोअरची (तळातून काढलेल्या गाळाच्या दंडाची) स्मिअर स्लाइड, म्हणजे गाळ काचेवर पातळ पसरून केलेली स्लाइड, हाती आहे, तीत पाच भुजांची चांदणी दिसतेय आणि ती डिस्कोअ‍ॅस्टर पेंटारेडिएटस की असिमेट्रिकस हे ठरत नाहीये. डिस्कोअ‍ॅस्टर म्हणजे समुद्री गाळात सापडणारे कॅल्साइटचे चांदणीसारखे सूक्ष्म जीवाश्म, आणि ही त्यातल्या दोन जातींची नावं. मी धुळ्यात भूशास्त्र शिकवतो. माझं म्हणणं असं की नुसत्या भुजा मोजून जात ठरवू नका. पाच भुजा दोघांनाही असतात.

आधी क्रॉस्ड निकॉल लावा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाचे दोन ध्रुवक (पोलरायझर) एकमेकांना काटकोनात ठेवा. डिस्कोअ‍ॅस्टर सपाट पडला की कॅल्साइट स्फटिकाचा मुख्य अक्ष (सी-अक्ष) उभा राहतो, त्यामुळे स्टेज कितीही फिरवा, बहुतेक जाती काळ्याच दिसतात. पेंटारेडिएटसच्या भुजा मात्र फिकट उजळतात. माझा सगळ्यात जास्त भरवसा या खुणेवर आहे.

मग ऑइल लेन्स लावून टोकं बघा. फाइन फोकस अगदी सावकाश वर-खाली करा. पेंटारेडिएटसच्या बारीक भुजा एका बाजूला झुकलेल्या दिसतील आणि टोकाला दोन नाजूक फाटे फुटलेले असतील. असिमेट्रिकसची टोकं साधी, निमुळती असतात आणि भुजांमधले कोन सारखे नसतात. मधोमध ठसठशीत गाठ असेल तर क्विन्क्वेरॅमस या पाच भुजांच्याच आणखी एका जातीचा विचार करा, म्हणजे काळ थेट उत्तर मायोसीनवर, बराच मागे जातो. फाटे सहज तुटतात, कॅल्साइटचं पूट चढलं की बुजूनही जातात. म्हणून एकाच नमुन्यावर नाव लिहू नका, पाच-दहा चांगले नमुने शोधा.

स्लाइड स्वतः बनवणार असाल तर आपल्याकडचं बोअरचं जड पाणी चुकूनही वापरू नका. वाळताना क्षाराचे कण सुटतात आणि तेही क्रॉस्ड निकॉलखाली चमकतात. डिस्टिल्ड पाण्यात अमोनियाचा थेंब टाकून पीएच आठच्या जरा वर ठेवा, नाहीतर नमुना विरघळू लागतो. सरावासाठी इथे खान्देशात काही मिळणार नाही. पायाखाली ट्रॅपचा (लाव्हाचा) काळा पाषाण, लाव्हाच्या मधले थर गोड्या पाण्यातले. ओळख पटलेली स्लाइड बाहेरूनच मागवावी लागेल.

एवढी काळजी घ्यायचं कारण असं की पेंटारेडिएटस सुमारे २४ लाख वर्षांपूर्वी नामशेष झाला आणि अशा सूक्ष्म जीवाश्मांवरून काळाचे पट्टे पाडणाऱ्या मार्टिनीच्या १९७१च्या विभागणीत एनएन१७ हा पट्टा तिथेच संपतो. मात्र जुन्या थरांतले नमुने वाहून नव्या गाळात मिसळतात, तेव्हा सोबत आणखी कोणत्या जाती आहेत तेही नोंदवा.

साध्या प्रकाशातला आणि क्रॉस्ड निकॉलमधला, असे एकाच नमुन्याचे दोन फोटो मोजपट्टीसह टाका, मी बघून सांगतो.