जर्मन संगीतकार ब्राम्सच्या दोन चेलो सोनाटांपैकी आधी कोणता ऐकावा?

सोनाटा म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना; इथे ती चेलो आणि पियानोसाठी आहे. आधी पहिला, म्हणजे ई मायनर या स्वरपट्टीतला ओपस (रचनाक्रमांक) ३८ ऐका. चेलो या व्हायोलिनच्या जातीच्या मोठ्या वाद्याचा खर्ज किती भरदार असतो ते त्यात पहिल्याच ओळीत कळतं: सूर अगदी खालून, सावकाश वर येतो आणि पियानो मागे फक्त हलके स्वरसमूह देत राहतो. ब्राम्सने तो १८६२ ते १८६५ दरम्यान लिहिला. शेवटचा भाग फ्यूगच्या (एकच धून वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येते अशा रचनेच्या) धर्तीवर आहे आणि त्याची मूळ धून जुन्या जर्मन संगीतकार बाखच्या 'आर्ट ऑफ फ्यूग' या रचनेतल्या एका धुनेच्या फार जवळची आहे. तिथे मात्र पियानो इतका दाट वाजतो की रेकॉर्डिंग नीट संतुलित नसेल तर चेलो बुडून जातो, म्हणून हेडफोन लावूनच ऐका.

एक अपवाद: तुम्हाला संथ भागच ऐकायचा असेल, तर थेट दुसरा (एफ मेजर, ओपस ९९) लावा, कारण पहिल्यात संथ भाग नाहीच. दुसरा १८८६च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या थून सरोवराकाठी लिहिला, चेलोवादक रॉबर्ट हाउसमानसाठी. त्याच्या अदाजिओची, म्हणजे संथ भागाची, सुरुवात चेलोच्या तारा बोटांनी छेडून होते, आणि मला तरी ब्राम्सच्या चेलोसंगीतात त्याहून सुंदर काही सापडलेलं नाही.